हंटिंग बूट, गमबूट की आणखी काही? सत्तरीच्या रानात पायात काय घालावं

ताई, नमस्कार.
मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातली, वय २५. प्राणिशास्त्रात एमएस्सी झालं आणि आता जूनपासून बेडकांच्या एका सर्वेक्षणात क्षेत्र-सहायक म्हणून रुजू होतेय. दिवसा सडे (कातळपठारं) आणि डोंगरउतार, रात्री व्हाळ (ओढे), असं पावसाळाभर चालणार आहे. गेल्या पावसात स्वयंसेवक म्हणून गेले होते तेव्हा गमबुटात टाचांना फोड आले आणि एकदा उतारावर उजवा घोटा मुरगळला. तो अजून अधूनमधून दुखतो. दादाने ऑनलाइन एक ‘हंटिंग बूट’ दाखवलाय: दहा इंच उंच, अस्सल चामडं, शंभर टक्के वॉटरप्रूफ, ४०० ग्रॅम इन्सुलेशन, किंमत साडेतेरा हजार. तो म्हणतो, एकदाच घे आणि चांगला घे. बाबा म्हणतात, आम्ही जन्मभर गमबूट घालून कुळागर (पोफळीची बाग) केलं, तुलाच काय झालं? माझी ऐपत आठ हजारांची, फार तर नऊ. पाय पुढे रुंद आहे, कुठलाही बूट करंगळीला चावतो. आणि एक शंका: ‘हंटिंग’ लिहिलेले बूट घालून अभयारण्यात गेले तर वनखात्याचे लोक काही म्हणतील का?
– सत्तरीतली एक वाचक

बाय, बूट घ्यायच्या आधी विचारलंस हे फार चांगलं केलंस. क्षेत्रकामाला निघालेली मुलं टॉर्च, कॅमेरा, रेनकोट यांवर महिनाभर डोकं खपवतात आणि बूट आदल्या दिवशी घेतात. मग तिसऱ्या दिवशी काम थांबतं ते पायांमुळे.

दादाने दाखवलेला बूट घेऊ नकोस. तो वाईट आहे असं मी म्हणत नाही. तो वेगळ्या हवेसाठी आणि वेगळ्या कामासाठी बनलाय. शिकारीचे बूट म्हणून अमेरिका-युरोपात जे विकलं जातं ते एका प्रकारचं नसतंच. थंडीच्या मोसमात हरणाची वाट पाहत तासन्‌तास झाडावरच्या माचाणावर बसणाऱ्या शिकाऱ्याला पाय गरम ठेवायचे असतात, म्हणून त्याच्या बुटात ४००, ८०० ग्रॅमचं इन्सुलेशन असतं. हे ग्रॅम म्हणजे बुटाचं वजन नव्हे, त्या उबदार कापडाच्या एका चौरस मीटरचं वजन. काही जण गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घालतात, कारण जनावराला माणसाच्या पावलांचा वास येऊ नये. आल्प्स किंवा रॉकी पर्वतात चढणाऱ्यांचे बूट निराळेच: सोल जवळजवळ न वाकणारा, भोवती दगडांपासून रक्षण करणारी रबराची पट्टी, कारण उतरताना पाठीवर शिकारीचं ओझं असतं. अमेरिकेच्या दक्षिणेकडे सापांसाठी पोटरीभर उंचीचे जाड विणीचे बूट मिळतात. यातला प्रत्येक बूट आपापल्या जागी शहाणपणाचा आहे. पण जुलैच्या रात्री सत्तरीत हवा पंचवीस अंशांच्या आसपास असते आणि दमटपणा नव्वद टक्क्यांच्या पुढे. तिथे ४०० ग्रॅमचं इन्सुलेशन म्हणजे अर्ध्या तासात घामाने भिजलेला पाय. आणि फोड यायला ओला, मऊ पडलेला पायच लागतो.

आता ‘शंभर टक्के वॉटरप्रूफ’कडे येऊ. मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते यावर, कारण आपल्याकडे सगळ्यात जास्त पैसे याच एका शब्दापायी वाया जातात. वॉटरप्रूफ बुटात बाहेरच्या थराच्या आत एक पातळ पडदा असतो. तो पाण्याचा थेंब आत येऊ देत नाही, पण घामाची वाफ बाहेर जाऊ देतो. ही वाफ आपोआप बाहेर जात नाही. आतली हवा दमट आणि बाहेरची कोरडी असेल तरच ती बाहेर ओढली जाते. थंड, कोरड्या देशात हे छान चालतं. आपल्याकडे जिथे पावसाची शंभर इंचांची शंभरी बहुतेक वर्षी पणजीच्या आधी भरते, त्या वाळपई भागात बाहेरची हवाच पाण्याने भरलेली असते. मग वाफ जाणार कुठे? त्यात बुटाचं बाहेरचं कापड किंवा चामडं भिजून जड झालं की उरलीसुरली वाटही बंद होते.

आणि तुझं काम तर व्हाळात आहे. पाणी सोलमधून येत नाही, बुटाच्या तोंडातून येतं. दहा इंचांचा बूट असला तरी अकरा इंच पाण्यात एक पाऊल पडलं की संपलं. जो पडदा पाणी आत येऊ देत नव्हता तोच आता ते बाहेर जाऊ देत नाही. दर पावलाला पचक पचक, एकेका पायाला पाव-अर्धा किलो जास्तीचं ओझं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बूट ओलाच. पायावरचं वजन पाठीवरच्या वजनासारखं नसतं. तेवढंच वजन पायात असलं तर पाठीवरच्यापेक्षा साधारण पाच-सहा पट जास्त शक्ती खातं, असं सैनिकांवरच्या चाचण्यांत दिसलंय. तेव्हा हलका बूट ही चैन समजू नकोस.

मग घ्यायचं काय? पाणी आत येणारच असं धरून चाल, आणि जो बूट ते लवकर बाहेर टाकतो आणि लवकर वाळतो तो निवड. यात नवीन काही नाही. व्हिएतनामच्या युद्धात अमेरिकी सैन्याने जो जंगल बूट वापरला त्याच्या आतल्या बाजूला, कमानीपाशी, पाणी निघून जायला जाळीची दोन छिद्रं होती आणि वरचा भाग चामड्याऐवजी कापडी होता. आपल्याकडे सह्याद्रीत भटकणाऱ्या आधीच्या पिढीच्या पायात कॅनव्हासचे हंटर शूज असायचे, तेही भिजायचे आणि वाळायचे. आज तुझ्यासाठी योग्य म्हणजे घोट्यावर जेमतेम येणारा, पाच-सहा इंच उंचीचा, नायलॉन किंवा जाळीदार कापडाचा, वॉटरप्रूफ पडदा नसलेला ट्रेकिंग बूट. जास्त फोम भरलेला घेऊ नकोस, फोम पाणी धरून ठेवतो. पूर्ण चामड्याचा तर नकोच. पावसाळ्यात गोव्याच्या घरात चामड्यावर बुरशी यायला एक आठवडा पुरतो, आणि रोज भिजणारं चामडं रोज वाळवता येत नाही.

घेताना सोलच्या वरचा मऊ थर कशाचा आहे तेही विचार. बऱ्याच महागड्या बुटांत तो पॉलियुरेथेनचा असतो. उशी म्हणून तो उत्तम, पण दमट हवेत हा पदार्थ आतल्या आत विघटित होत जातो, आणि गंमत म्हणजे न वापरता ठेवलेल्या बुटात हे जास्त होतं. आमच्या गटातल्या एकाने मोठ्या हौसेने घेतलेले बूट काही वर्षं खोक्यात जपून ठेवले होते. नेत्रावळीच्या रानात उतरताना त्यांचा सोल मागच्या बाजूने सुटू लागला. आम्ही बसून पाहिलं, तर वरचं चामडं नव्यासारखं आणि मधला थर मात्र बोटाने दाबला की खारी बिस्किटासारखा भुगा होत होता. बुटाच्या नाडीनेच सोल बांधून त्याला खाली आणला. ईव्हीए नावाचा दुसरा फोम असतो. तो कालांतराने दबून चपटा होतो, पण असा विरघळत नाही. आपल्या हवेत मी ईव्हीएच घेते. आणि सेलमध्ये मिळणारा जुन्या साठ्यातला बूट कितीही स्वस्त असो, बनवल्याची तारीख पाहिल्याशिवाय घेत नाही.

आता तुझी करंगळी. तू लिहिलंयस की कुठलाही बूट चावतो. दोष तुझ्या पायाचा नाही. लहानपणापासून अनवाणी आणि चपलेत वाढलेल्या माणसाचा चवडा पसरट होतो. हा निरोगी पाय आहे. मणिपालच्या राव आणि जोसेफ या डॉक्टरांनी २३०० मुलांचे पाय तपासून १९९२ साली जे प्रसिद्ध केलं त्यात बूट घालणाऱ्या मुलांत सपाट तळव्याचं प्रमाण ८.६ टक्के होतं, न घालणाऱ्यांत २.८ टक्के. तेव्हा दुकानदार ‘आर्च सपोर्ट’ म्हणून बुटातला उंचवटा दाखवून जास्त पैसे मागेल तर हुरळून जाऊ नकोस. तळव्याखाली काही टोचत असेल तर तो आधार नव्हे.

खरा आधार तीन ठिकाणी असतो आणि तिन्ही तुला दुकानात हाताने तपासता येतात. बुटाची टाच मागून दोन बोटांत दाब. ती कडक हवी, चेपली जाता कामा नये. मग एका हातात टाच आणि दुसऱ्यात टोक धरून धुणं पिळतो तसा बूट पिळून बघ. थोडा पिळला तर चालेल, सहज पिळला गेला तर ठेवून दे. तिसरं, टोक वर वाकव. बूट चवड्याच्या रेषेवर वाकायला हवा, कारण पाय तिथेच वाकतो. मधोमध घडी पडत असेल तर दिवसभर दगडांवर चालून तळवा ठणकेल.

मापासाठी संध्याकाळी जा. दिवसभरात पाय सुजतो, चालल्यावर आणखी सुजतो. सकाळी घेतलेला बूट चार वाजता चावू लागतो तो याचमुळे. जे मोजे रानात घालणार तेच घालून जा. घरीच कागदावर उभं राहून दोन्ही पायांची बाह्यरेषा काढून घे, पेन्सिल सरळ उभी धरून. टाचेपासून सर्वांत लांब बोटापर्यंतचं अंतर मोज (बऱ्याच जणांचं दुसरं बोट अंगठ्यापेक्षा लांब असतं), आणि चवड्याची सर्वांत रुंद जागाही. दोन पायांत फरक निघेल, मोठा असेल तो पाय खरा धर. दुकानात बुटाच्या आतली इनसोल बाहेर काढून तिच्यावर उभी राहा. करंगळी तिच्या कडेबाहेर सांडत असेल तर तो बूट तुझा नाही, मग ‘घालून घालून सैल होईल’ असं कोणी कितीही सांगो. कापड-नायलॉन फारसं सैल होत नाही.

बायकांच्या विभागात रुंद बूट मिळत नसेल तर सरळ पुरुषांचा बघ. आपल्याकडे बहुतेक बुटांवर ब्रिटिश नंबर असतो आणि त्यात स्त्री-पुरुषांची मोजणी एकच, सहा म्हणजे सहा. पुरुषांचा साचा चवड्याला रुंद असतो. टाचेलाही रुंद असतो ही अडचण, पण ती नाडीने सुटते. अमेरिकी नंबर असेल तर मात्र दोन्हींत साधारण दीड नंबरचा फरक पडतो, सांभाळून.

पाय घातल्यावर पुढे अंगठ्याच्या जाडीएवढी जागा हवी. मग दुकानाच्या जिन्यावर जा, आणि वर जाण्यापेक्षा खाली उतरून बघ. उतरताना बोटं टोकाला टेकली तर रानातल्या उतारावर नखं काळी होतील. चढताना टाच किंचित उचलली गेली तर चालतं, घसरत असेल तर नाही.

टाच धरून ठेवण्याची नाडीची एक पद्धत आहे, ती शिकून घे. नेहमीसारखी फुल्या-फुल्यांची नाडी वर आणत जा. सर्वांत वरच्या दोन भोकांच्या जोडीपाशी आलीस की फुली न मारता त्याच बाजूच्या वरच्या भोकात नाडी आत घाल, म्हणजे दोन्ही बाजूंना एकेक छोटा फासा तयार होतो. आता उजवी नाडी डाव्या फाशातून आणि डावी उजव्या फाशातून ओवून खाली आणि मागे ओढ. टाच मागच्या भिंतीला जाऊन बसते, तुझं तुला कळेल. मग नेहमीची गाठ. करंगळीसाठी याच्या उलट: जिथे चावतं त्या पातळीवर फुली मारायचीच नाही, नाडी आपापल्या बाजूने सरळ वर न्यायची आणि पुढच्या भोकापासून पुन्हा फुली. तेवढ्या जागेवरचा दाब जातो. या दोन युक्त्यांनी पुष्कळ बूट परत करायचे वाचतात.

घोट्याबद्दल स्पष्टच लिहिते, कारण दादाचा उंच बुटाचा आग्रह बहुधा त्यासाठीच असेल. उंच बूट घोट्याला खरचटण्यापासून, काट्यांपासून आणि दगडाच्या आपटीपासून वाचवतो. मुरगळण्यापासून तो वाचवतोच असं नाही. बास्केटबॉल खेळाडूंवर झालेल्या चाचणीत उंच आणि बुटके बूट घालणाऱ्यांच्या मुरगळण्यात लक्षणीय फरक सापडला नव्हता. ज्याचा घोटा एकदा मुरगळलाय त्याचा पुन्हा मुरगळण्याची शक्यता जास्त, आणि तुझा तर अजून दुखतोय. हाडांच्या डॉक्टरला किंवा फिजिओथेरपिस्टला जून लागायच्या आधी एकदा दाखव. ते बहुधा एका पायावर उभं राहण्याचे व्यायाम सांगतील. दात घासताना उजव्या पायावर उभी राहा, जमू लागलं की डोळे मिटून, मग उशीवर. पाय वाकडा पडतोय हे घोट्याला क्षणभर आधी कळलं तर तो स्वतःच सावरतो, आणि ते शिक्षण बूट देत नाही. उतारावर हातात काठी असू दे. रात्री व्हाळात तर असूच दे, पाण्याची खोलीही तिनेच कळते.

सोलबद्दल थोडक्यात. १९३५ साली इटलीतल्या आल्प्समध्ये सहा गिर्यारोहक मेले. त्यांची पादत्राणं त्या हवेला पुरेशी नव्हती. त्यांचा सोबती विताले ब्रामानी याने त्यानंतर खाचांचा रबरी सोल बनवला, तोच १९३७चा विब्रम. आज खोल खाचांचा सोल सगळेच विकतात. चिखलासाठी त्या खाचा हव्यातच, आणि एकमेकींपासून लांब हव्यात, म्हणजे चिखल अडकून राहत नाही. पण शेवाळलेल्या जांभ्यावर आणि व्हाळातल्या गुळगुळीत धोंड्यांवर खाचेपेक्षा रबराचा मऊपणा उपयोगी पडतो. नख रुतवून बघ, प्लॅस्टिकसारखं कडक लागलं तर सोड. ब्रँडच्या नावावर जाऊ नकोस. सह्याद्रीतले कितीतरी जुने ट्रेकर ॲक्शनच्या स्वस्त ट्रेकिंग बुटांवर वर्षानुवर्षं ओले कातळ चढले आहेत. आणि हिरव्या शेवाळावर जगातला कुठलाही सोल भरवशाचा नाही. तिथे धोंड्यावर पाय न देता दोन धोंड्यांमधल्या रेतीत द्यायचा, पाणी आत येईल तर येऊ दे.

तुझं काम बेडकांचं आहे म्हणून एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, आणि बूट विकणारा ती कधीच सांगणार नाही. बेडूक कातडीतून पाणी आणि हवा घेतो, त्या पाण्यात जे असेल तेही घेतो. जगभरात बेडकांच्या कितीतरी जाती संपवणारी कायट्रिड बुरशी पश्चिम घाटातही सापडली आहे, आणि ती एका व्हाळातून दुसऱ्या व्हाळात चिखलाच्या बुटावरून जाऊ शकते. प्रत्येक ठिकाण सोडताना ब्रशने सोलच्या खाचा तिथल्या तिथे घासून काढायच्या, मुक्कामी निर्जंतुक करायचं (तुमच्या प्रकल्पाची पद्धत असेल, ती विचार) आणि पूर्ण वाळवायचं. ही बुरशी कोरडेपणात टिकत नाही. लवकर वाळणारा बूट हवा म्हणते त्यामागे हेही कारण आहे. जळवांसाठी तंबाखूचं पाणी, डासांचं मलम, परमेथ्रिन या कीटकनाशकाचा फवारा यांतलं काहीही लावून व्हाळात उतरू नकोस. परमेथ्रिन माणसाला फारसं बाधत नाही, पाण्यातल्या जिवांना विष आहे. २०१८ साली गोव्याचंच नाव देऊन बेडकाची एक नवी जात नोंदवली गेली, ‘गोएमची’. आपल्या सड्यांवर, शेतांत असे जीव अजून सापडताहेत, त्यांच्या पाण्यात पाय घालताना पाय स्वच्छ हवेत.

जळवांवर साधा उपाय म्हणजे घट्ट विणीच्या कापडाचे गुडघ्यापर्यंतचे मोजे, नेहमीच्या मोज्यांवरून आणि पँटच्या पायावरून चढवायचे. पॉपलिनचे वाळपईचा कुठलाही शिंपी शिवून देईल. उन्हाळ्यात जागा पाहायला जाशील तेव्हाही तेच घाल, कारण सत्तरीत २०१५ पासून माकडतापाचे रुग्ण सापडलेत आणि तो पसरवणारी गोचीड पायावरूनच चढते. परत आल्यावर कपडे गरम पाण्यात आणि अंगाची तपासणी, त्याला पर्याय नाही.

सापांचं म्हणशील तर घोणस, फुरसं यांचे दंश बहुतेक पावलावर आणि घोट्यावर होतात, तेव्हा बूट आणि त्यावर जाड गेटर (पोटरीभोवती बांधायचं कापडी आवरण) यांनी बराच फरक पडतो. पण टॉर्चचा उजेड बुटापेक्षा मोठं रक्षण करतो. धोंड्यापलीकडे न बघता पाय टाकायचा नाही. दंश झालाच तर बूट-नाडी सैल करून, पाय न हलवता, लगेच दवाखान्यात, गरज लागली तर पुढे गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयात). आपल्याकडची प्रतिविषाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं यांच्यासाठी बनते, चापडा या विषारी सापासाठी नाही. त्यामुळे साप ओळखता आला तर डॉक्टरांना सांग, पण पकडत बसू नकोस.

मोज्यांवर कंजुषी करू नकोस. सुती मोजा पाणी पिऊन बसतो आणि कातडीला घासतो. लोकर मिसळलेले किंवा पूर्ण सिंथेटिक, तीन जोड. एक पायात, एक पिशवीत प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला, आणि एक फक्त रात्री झोपताना घालायचा, जो कधीही रानात जात नाही. दिवसभर पाय ओले राहिले तर चालतं, रात्रभर मात्र ते कोरडे राहायलाच हवेत. उष्ण प्रदेशातही पाय सतत दोन-तीन दिवस ओले राहिले की तळवे पांढरे, सुरकुतलेले पडून दुखू लागतात, व्हिएतनाममध्ये सैनिकांच्या तुकड्याच्या तुकड्या यामुळे जायबंदी झाल्या होत्या. मुक्कामी पोचलीस की आधी पाय धुऊन पूस, बोटांच्या बेचक्यांतून, मग चहा. फोड फुटलेला असेल तर चिकटपट्टी लावल्याशिवाय शेतातल्या पाण्यात उतरू नकोस, लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस या तापाची) लागण अशाच जखमेतून होते. बुटातली इनसोल बाहेर काढ, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंब, तासाभराने बदल, पंख्याखाली ठेव. चुलीजवळ नको, सोलचा गोंद सुटतो.

बाबांचं म्हणणं अर्धं खरं आहे, त्यांना तसं सांग. कुळागरात, शेतात, चिखलाच्या सपाट जागी गमबुटासारखं दुसरं काही नाही. जळू नाही, गोचीड नाही, धुवायला एक बादली पुरते. पण तो टाच धरत नाही, म्हणून तुला फोड आले, आणि उतारावर पाय आत पुढे सरकतो. वाहत्या व्हाळात तर तो घालूच नकोस. वरून पाणी भरलं की पाय उचलणं कठीण होतं. घरात जोड आहेच, तो शेताकाठच्या कामासाठी ठेव.

वनखात्याबद्दल: बुटावर काय छापलंय यावर कोणी आक्षेप घेणार नाही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे, बुटाला नाही. पण म्हादई अभयारण्यात रात्री टॉर्च घेऊन फिरणारी माणसं दिसली तर गार्ड अडवतील, आणि अडवायलाच हवं, ते त्यांचं कामच आहे. प्रकल्पाच्या परवानगीपत्राची प्रत प्लॅस्टिकच्या पाकिटात स्वतःजवळ ठेव, एकट्या सरांच्या बॅगेत नको. आणि लष्करी ठिपक्यांचे बूट-कपडे टाळ, साधा करडा किंवा तपकिरी रंग घे.

हिशेब असा बसतो: बूट साधारण चार-साडेचार हजार, मोजे हजार-बाराशे, गेटर आणि कापडी मोजे मिळून हजारभर. उरलेले पैसे दुसऱ्या, स्वस्त जोडासाठी ठेव. दोन साधे जोड आलटून पालटून वापरणं हे एका महागड्या जोडापेक्षा केव्हाही चांगलं, कारण एक वाळत असतो. दादाला वाईट वाटायला नको, त्याला गेटर घेऊन दे म्हणावं.

बूट मे महिन्याच्या सुरुवातीलाच घे. आधी घरात फरशीवर घालून संध्याकाळचे दोन-तीन तास वावर, बिल आणि खोकं जपून ठेवून. त्यात कुठे लाल झालं तर लगेच परत कर, ‘सवय होईल’ म्हणून ठेवू नकोस. नाही झालं तर मग बाहेर काढ: आधी गावातल्या रस्त्यावर, मग घरामागच्या डोंगरावर, आणि मिरगाच्या पहिल्या पावसात मुद्दाम भिजवून एकदा चालून ये. ओल्या मोज्यात करंगळीला काय होतं ते तेव्हा कळेल, आणि नाडी कुठे सैल करायची तेही.